एकवीस जुलै, पहिली पाळी

तुळशीराम सावळा रणपिसे यांच्यावर अन्याय झाला तो एकवीस जुलै १९८१ रोजी, मंगळवारी, सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. भोसरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या फाटकाजवळ, टाइम ऑफिसच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. त्या फळ्यावर त्यांनी लिहिलेल्या चार ओळी वॉचमननं ओल्या फडक्यानं पुसल्या. पुसायला लावणारे पर्सोनेल साहेब शेजारी छत्री धरून उभे होते. पहिली पाळी आत चालली होती, सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं. तारीख आणि वेळ मी एवढी नेमकी लिहितेय ती उगाच नाही. हा लेख एका तारखेबद्दलच आहे. ती तारीख चोरली गेली, ती परत मागणारा माणूस मेला, आणि चोर अजून रोज सकाळी डबा घेऊन कामाला जातात.

ते गेल्याचं मला कळलं सहा आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी. युनियनच्या खोलीत मी सायक्लोस्टाइलवर पत्रक काढत होते, दोन्ही हात शाईनं काळे. नामदेव शेलारनं खांद्यानं दार ढकललं. नामदेवला उजवा हात मनगटापासून नाही आणि डाव्यात त्या दिवशी सायकलची किल्ली होती. "शालन," तो म्हणाला, "मास्तर गेले. आंघोळीचं पाणी काढत होते म्हणं, तिथंच खाली बसले..." मी हात पुसत राहिले, शाई निघेना. शेवटी तो म्हणाला, "सोमवारी माझी तारीख होती गं." कोर्टाची तारीख. त्याला रडायचं होतं, पण आधी हे सांगावं लागलं. मी त्याला नावं ठेवत नाही. पुढच्याच सोमवारी मास्तर त्याच्या बाजूनं साक्ष देणार होते. अख्ख्या कारखान्यातून एकटे.

मास्तर म्हणायचे सगळे, पण ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. प्रेस शॉपमध्ये तीन नंबरच्या मशीनवर पत्रा कापायचे. कुरुळीहून सायकलवर यायचे, मोशीचा पूल ओलांडून, येता-जाता रोज. कारखाना नवा होता तेव्हा, बासष्टच्या आगेमागे, ते हमालीला लागले आणि पुढे मशीनवर गेले. सातवी झालेली, अक्षर मोत्यासारखं. तेव्हाच्या जुन्या मॅनेजरनं सुरक्षेचा म्हणून तो फळा लावला. वर रंगानं लिहिलेलं, "अपघाताशिवाय सलग दिवस", आणि पुढे खडूनं आकडा. रोज सकाळी आकडा एकानं वाढवायला कोणी तरी हवं होतं. मॅनेजरनं ह्यांचं अक्षर पाहून ह्यांना सांगितलं. आठ दिवस यांनी आकडा लिहिला आणि नवव्या दिवशी जाऊन विचारलं, "साहेब, एवढा मोटा फळा, आकडा येवढुसा. उरलेल्या जागेत काय लिवलं तर चालंल का?" साहेब म्हणाले, चांगलं काही तरी लिहा. त्या दिवसापासून आमच्या फाटकात दिनविशेष सुरू झाला.

डाव्या बाजूला घडामोडी, उजव्या बाजूला जन्मदिवस, खाली बारीक अक्षरात स्मृतिदिन. पाळीच्या वीस मिनिटं आधी यायचे आणि उभ्याउभ्या लिहायचे. कुठल्या दिवशी कुठलं युद्ध संपलं, कुठला शास्त्रज्ञ जन्मला, कुठल्या नटाचा वाढदिवस, कुठल्या खेळाडूनं शतक ठोकलं. माहिती गोळा करायचे ते न्हाव्याच्या दुकानातल्या जुन्या अंकांतून, चिंचवडच्या वाचनालयातून, वाण्याच्या पुडीच्या कागदातूनसुद्धा. पुडी सोडून कागद उलगडायचे, त्यावर तारीख दिसली तर कागद घडी करून खिशात. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस पांढरा खडू आणि चौदा एप्रिलला निळा. त्या दिवशी कोणाचं नाव असायचं ते मी लिहायची गरज नाही. त्या दिवशी पर्सोनेलमधलं कोणी तरी येऊन "रंगीत खडू कंपनीनं दिला का?" असं विचारून जायचं, आणि हे म्हणायचे, "न्हाई साहेब, घरचा हाय."

तुम्हाला वाटेल, यात काय मोठं? पत्रकवाल्या पोरीला मलाही तसंच वाटायचं. मी शहात्तर साली वाइंडिंगच्या, तारा गुंडाळायच्या, खात्यात लागले तेव्हा मला तो फळा म्हणजे कामगारांना गुंगवायची गोळी वाटला होता. एकदा तोंडावर म्हटलंही, "मास्तर, नटाच्या वाढदिवसानं आपलं काय होतं? तो कधी तुमचा करील का?" ते खडू झटकत म्हणाले, "आपला करायला आपल्याला तारीख तरी ठाव पायजे ना पोरी. तुजी काय तारीख?" मी म्हटलं, एक जून. ते एवढे हसले, एवढे हसले... "म्हंजी तूबी?"

आमच्या पिढीत आणि आधीच्या पिढीत ज्यांना आईबापांनी शाळेत नेऊन घातलं त्यांना हे ठाऊक आहे. हेडमास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, ज्वारी काढायला आली होती तवा. मग हेडमास्तर एक जून लिहून मोकळे. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा. आमच्या कारखान्यात अर्धी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. पहिल्या वर्षी मास्तरांनी एक जूनला उजव्या बाजूला कामगारांची नावं लिहायला घेतली, तर फळा पुरला नाही, भिंतीवर उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक काम अंगावर घेतलं, जे कोणी सांगितलं नव्हतं. एकेकाची खरी तारीख शोधायची. गुरुवारी सुट्टी, की निघाले सायकल घेऊन. एकेकाच्या आईपुढे बसायचे आणि विचारायचे. सण कुठला होता? नदीला पाणी होतं का? कोणाचं लग्न होतं? गावात काही झालं होतं का? एक पोरगा निघाला पानशेत फुटलं त्याच्या आदल्या दिवशीचा, एकाची बहीण कोयनेच्या भूकंपाच्या सकाळची. त्यांच्या तारखा लगेच सापडल्या. बाकीच्यांसाठी जुनी पंचांगं धुंडाळायचे. माझी तारीख त्यांनी दीड वर्षानं शोधली. मी मार्चमधली निघाले. एवढी मोठी झाले आणि मला पहिल्यांदा कळलं की मी उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मले, पावसाच्या नाही.

माझ्या थोरल्या भावाची, वसंताचीही त्यांनीच शोधली. वसंता प्रेस शॉपमध्येच, चार नंबरला, मास्तरांच्या शेजारच्या मशीनवर. आमची आई म्हणाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलांच्या शिंगांचा रंग हाताला लागत होता अजून. मास्तर जुनं पंचांग घेऊन आले आणि तारीख काढून दिली. त्या वर्षी त्या दिवशी फळ्यावर उजवीकडे एका सिनेमातल्या बाईंचं नाव होतं आणि खाली, "वसंत बबन, प्रेस शॉप". वसंता दिवसभर फुगून फिरत होता. कँटीनमध्ये पोरं म्हणत होती, "वसंतराव, बाईंना पेढा पाठवला का?" हे मी का सांगतेय ते पुढे कळेल. विसरू नका.

मास्तरांच्या हातून चुका होत नव्हत्या असं नाही. एकदा एका गाजलेल्या गायकाचा वाढदिवस त्यांनी चुकून खालच्या ओळीत, स्मृतिदिनात लिहिला. दुपारी कँटीनमध्ये कोणी तरी म्हणालं, अरे, गेले वाटतं, आणि शंभर-सव्वाशे माणसं जेवणाची ताटं सोडून दोन मिनिटं उभी राहिली. गायक ठणठणीत होते, संध्याकाळी रेडिओवर गायले. दुसऱ्या दिवशी पोरांनी मास्तरांना घेरलं, "मास्तर, आमचा वाढदिवस लिहू नका बरं, जिवंत राहू द्या." ते हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "काल चूक झाली. संबंधित व्यक्ती हयात आहेत. चूक माझी. तु. सा. रणपिसे." आणि ते तीन दिवस पुसलं नाही. म्हणाले, एक दिवस चूक वाचली, तर दुरुस्ती तीन दिवस दिसली पाहिजे.

आता एकवीस जुलै १९८० बद्दल. सोमवार होता. फळ्यावर डावीकडे होतं, "१९६९: माणूस चंद्रावर उतरला." नामदेव तेव्हा टेंपररी होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा लागायचं, असे त्यानं तीन ब्रेक काढलेले. बोलका, खोडकर. सात वाजता सगळे फळ्यापुढं उभे असताना तो म्हणाला, "मास्तर, अकरा वर्षं झाली की. तिथं अजून एमआयडीसी काढली का न्हाई?" कोणी तरी म्हणालं, "काढली असंल तर नामदेवला तिथंबी टेंपररीच घेत्याल." तेव्हा हशा असा झाला की टाइम ऑफिसमधला क्लार्क बाहेर आला. प्रेस शॉपची पहिली पाळी अख्खी तिथं होती. नामदेव आणि मास्तर धरून तेरा माणसं. पुढे अकरा साक्षीदार म्हणेन ते उरलेल्यांना, त्या हसलेल्यांना.

प्रेसच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण दोन हात बटणांवर ठेवले की पत्रा सरकवायला वेळ लागतो, माल कमी निघतो. म्हणून प्रेस शॉपच्या सुपरवायझरनं पाच नंबरच्या मशीनचं एक बटण फडक्यानं बांधून कायमचं दाबून ठेवलं होतं. पाच नंबरवर नेहमी टेंपररी माणूस. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी नामदेवचा उजवा हात पत्र्याबरोबर आत गेला. आम्ही वाइंडिंगच्या बायका भिंतीपलीकडे होतो. किंकाळी ऐकली. मशीन बंद झाल्यावरची शांतता ऐकली. दार आतून लावलं होतं, त्यामुळे दिसलं काहीच नाही, आणि ऐकलेलं कोर्टात चालत नाही. मशीन बंद केलं मास्तरांनी. हात सोडवला मास्तरांनी. स्वतःचा सदरा काढून गुंडाळला तो मास्तरांनी. आणि मग साहेबांची गाडी मागच्या फाटकानं त्याला घेऊन गेली.

गाडी सरकारी दवाखान्यात गेली नाही, कंपनीच्या ओळखीच्या एका खाजगी दवाखान्यात गेली. नामदेव दोन-तीन दिवस शुद्धीत नव्हता. शुद्धीवर आला तेव्हा कागद तयार होते. कागदावर लिहिलं होतं की हा इसम गुरुवारी, चोवीस जुलैला, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, घरी कडबाकुट्टीत हात गेल्यामुळे दाखल झाला. सोमवारच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजर. कडबाकुट्टी! वाचकहो, नामदेवच्या घरी बैल नाही, गाय नाही, शेळीसुद्धा नाही. मोशीत भाड्याच्या खोलीत राहतो, कडबा कोणाला कुटून घालणार, बायकोला? हे त्यानंच मला सांगितलं आणि सांगताना तो हसला. मला हसता आलं नाही. आजही येत नाही. सोमवार म्हणजे प्रेस, गुरुवार म्हणजे कडबाकुट्टी. सोमवार म्हणजे कामावर जखमी झालेला माणूस, त्याला हलक्या कामावर परत घ्यावं लागतं. गुरुवार म्हणजे गावातला एक थोटा, ज्याच्याशी कंपनीचा संबंध नाही. तीन दिवस पुढे ढकलले आणि एक माणूस फाटकाबाहेर ढकलला.

दुसऱ्या दिवशी, बावीस जुलैला, मास्तर फळ्यापुढे उभे राहिले. आकड्याच्या जागी शून्य लिहायला पाहिजे होतं. सुपरवायझर येऊन म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, आकडा चालू ठेवा, चौकशी व्हायचीय." मास्तरांनी कालच्या आकड्यात एक मिळवून लिहिला. हे मी लपवणार नाही. मी त्यांच्यावर लिहितेय म्हणून त्यांची चूक झाकली तर ते वरून खडू फेकून मारतील. त्यांनी लिहिला. तेवीसलाही लिहिला. असा वर्षभर. मी एकदा भडकून म्हटलं, "रोज सकाळी खोटं लिहिता आणि शेजारी शास्त्रज्ञांचे वाढदिवस काढता, लाज वाटत नाही?" त्या दिवशी उजवी बाजू त्यांनी कोरी ठेवली.

आणि मग एकवीस जुलै १९८१. त्यांनी लिहिलं: "१९६९: माणूस चंद्रावर उतरला. १९८०: आपल्या प्रेस शॉपमध्ये कामावर असताना नामदेव शेलार यांचा उजवा हात गेला. सकाळी आठ वाजून वीस मिनिटे. मी वर्षभर चुकीचा आकडा लिहीत होतो, चूक माझी, तु. सा. रणपिसे." आणि वरचा मोठा आकडा पुसून तिथं तीनशे पासष्ट. मी असते तर शून्य ठोकला असता, डोळ्यांत जाईल असा. त्यांनी मोजून तीनशे पासष्ट लिहिला, कारण त्यानंतर वर्षभर कोणाला काही झालं नव्हतं, आणि बरोबर ते बरोबर. माझ्यासारखी दहा पत्रकं काढणारी जे करू शकली नाही ते त्या एका बरोबर आकड्यानं केलं. साहेबांना पाच मिनिटंही तो फळा सहन झाला नाही.

दुपारपर्यंत निलंबनाचं पत्र आलं. खोटी माहिती लिहून कंपनीची बदनामी. चौकशी सुरू झाली आणि त्यात सहकारी म्हणून त्यांच्या शेजारी मी बसले. पहिल्याच दिवशी पर्सोनेल साहेब फार गोड बोलले. "रणपिसे, तुम्ही प्रामाणिक माणूस. त्या गायकाच्या वेळी चूक कबूल केली होती की नाही? तसंच करा. फळ्यावर तुमच्या अक्षरात एक ओळ लिहा, एकवीस तारीख चुकीची होती, आणि उद्यापासून कामावर या." मी उसळले. मास्तरांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "तपासून सांगतो साहेब. आठ दिस द्या." साहेबांना वाटलं मासा गळाला लागला. मलाही, खरं सांगते, तसंच वाटलं.

ते खरोखर तपासायला गेले. साठीला टेकलेला माणूस, छातीत आधीच कळ यायची, सायकल घेऊन अकराच्या अकरा घरी गेला. मोशी, भोसरी, निगडी, देहूपर्यंत. प्रत्येकाच्या घरात बसून विचारलं, त्या दिवशी तारीख कोणती होती? आणि प्रत्येकानं सांगितलं. कोणी म्हणालं, "मास्तर, चंद्राचा दिवस तो, ध्यानात न्हाई व्हय?" कोणी नामदेवचा तो विनोद जसाच्या तसा सांगितला. एकाची बायको म्हणाली, "हे त्या सोमवारी जेवले नव्हते." सगळं त्यांनी शाळेच्या वहीत उतरवून घेतलं, कोण काय म्हणालं, कोणत्या दिवशी, कोणाच्या देखत. आमच्या घरीही आले. वसंतानं मान खाली घालून सांगितलं, "एकवीसच मास्तर. माझ्या पायावर रक्त उडालं होतं." आईनं चहा दिला. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

दहा दिवसांनी ते अकराही एकेक करून चौकशीच्या खोलीत आले. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे मास्तर आणि मी. प्रश्न एकच, अपघात तुमच्यासमोर कोणत्या दिवशी झाला? उत्तरही एकच, जणू साच्यातून काढलेलं. "असा अपघात पाहिल्याचं आठवत नाही. तारखा लक्षात राहत नाहीत." खाली सही. सहावा आला, सातवा आला... आठवा वसंता. माझ्या सख्ख्या भावानं माझ्याकडे न बघता तेच म्हटलं आणि सही केली. पेन टेबलावर ठेवताना ते घरंगळून खाली पडलं, ते मास्तरांनी वाकून उचलून त्याला दिलं. वसंता गेल्यावर मी पुटपुटले, "मास्तर, वही काढा. आत्ता काढा. एकेकाच्या तोंडावर मारा." ते म्हणाले, "घरात बसवून सांगितलंय त्यांनी. च्या पाजलाय. ते असं बाहीर काढू व्हय?"

त्या दिवशी घरी मी वसंताशी भांडले. तो म्हणाला, "तुला काय जातंय? तू पत्रकं वाटतेस, सभेत टाळ्या घेतेस. मला दोन पोरं आहेत. सगळे जे बोलले ते मी बोललो." मी म्हटलं, "वसंता, तुला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. त्या माणसानं गावोगाव पंचांगं उलटून ती तुला आणून दिली. त्याच्या पुढ्यात बसून तू लिहून दिलंस की तारखा लक्षात राहत नाहीत?" तो ताटावरून उठला. त्या महिन्यात मशीन ऑपरेटरचा तो लाइन इनचार्ज झाला. तेव्हापासून आम्ही एका घरात राहतो आणि बोलत नाही. आई दोघांना वेगवेगळ्या वेळेला वाढते.

मी मास्तरांना म्हणायचे, एकेकाला धडा शिकवू. निलंबनाच्या त्या सहा-सात महिन्यांत कितीदा तरी कुरुळीला गेले आणि प्रत्येक वेळी एक नवी योजना घेऊन. फाटकावर नावांची यादी लावू, त्यांच्या घरांपुढे निदर्शनं करू, सुपरवायझरच्या पोरीच्या लग्नात पत्रकं वाटू. ते ओट्यावर बसून चिंचोके फोडत ऐकायचे. एकदा म्हणाले, "सूड न्हाई पायजे पोरी. तारीख पायजे." मी म्हटलं, "मला दोन्ही पाहिजे." ते हसले. "तुजी तारीख काढली तवाच म्या वळाखलं, उन्हाळ्यातली हाय." मग जरा वेळानं, इकडचं तिकडचं बोलावं तसं, म्हणाले की त्यांची स्वतःची तारीख काही सापडली नाही. आई लहानपणीच गेली, विचारायला कोणी उरलं नव्हतं. दाखल्यावर एक जून. साऱ्या कारखान्याच्या तारखा काढणाऱ्या माणसाची तारीख हेडमास्तरनं लिहिलेलीच राहिली... मी पण चिंचोके फोडायला बसले.

ते गेल्यावर कंपनीनं कँटीनमध्ये शोकसभा घेतली. हो, घेतली! ज्याला फाटकात येऊ दिलं नाही त्याच्या फोटोला हार घालायला पर्सोनेल साहेब पुढे. म्हणाले, "रणपिसे म्हणजे आमच्या परिवाराचा चालताबोलता दिनविशेष." आणि जाहीर केलं की फळ्याची परंपरा कंपनी पुढे चालवणार. चालवली. आता तिथं ऑइलपेंटनं रंगवलेला बोर्ड आहे, वर संचालकांचे वाढदिवस आणि सलग दिवसांचा तो जुना, मोठा, खोटा आकडा. तो आकडा रोज कोण बदलतं माहीत आहे? माझा भाऊ. शोकसभेत अकरा जण एका ओळीत उभे होते, मान खाली घालून, दोन मिनिटं. मी मोजत होते. त्यांच्यातला एक जण रडत होता. मला त्याची दया आली नाही. रडणं सोपं आहे, त्यावर सही करावी लागत नाही.

मी बदला घेणार आहे. हा शब्द मी विचार करून लिहितेय, संपादकांनी तो खोडू नये. मास्तर चांगले होते म्हणून त्यांच्या चांगुलपणावर दोन अश्रू गाळून हा लेख संपवावा, एवढी मी चांगली नाही. ज्यांनी त्यांना चहा पाजला आणि आठ दिवसांत विकलं, त्यांना मी सुखानं जगू देणार नाही. ती वही त्यांच्या मुलानं मला दिली आहे. मास्तरांनी ती काढली नाही, मी काढणार. मात्र वकील सांगतात, वही लिहिणारा आता उभा राहू शकत नाही, म्हणून कोर्टात वहीचं वजन नाही. वजन आहे ते जिवंत माणसाच्या तोंडाला. त्यामुळे दहा नावं मी आज छापत नाही. भीत नाही, मुदत देतेय. अकरावं नाव वसंताचं, ते छापलंय, कारण घरच्यापासून सुरुवात केली नाही तर बाकीच्यांना मी कोणत्या तोंडानं विचारू?

येत्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, पुण्याच्या कामगार न्यायालयात, मास्तर गेल्यामुळे पुढे ढकललेली नामदेवची तारीख आहे. या वेळी साक्षीदार नाही आला तर दावा संपला, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे कायमचं ठरणार, की तो हात घरी कडबा कुटताना गेला. हे वाचणाऱ्यांत प्रेस शॉपच्या पहिल्या पाळीतले अकरा जण असतील, त्यांना एवढंच सांगते: या. एक जण आला तरी पुरे. आणि तुम्ही बाकीचे, जे या पट्ट्यात राहता, त्यांच्या शेजारी राहता, त्यांच्याबरोबर कंपनीच्या बसनं जाता, त्यांच्या पोरांच्या बारशाला जेवता, तुम्हाला ती माणसं कोण ते माहीत आहे. वाईट वाटलं म्हणून हा कागद घडी करून ठेवू नका. गुरुवारी सुट्टी आहे. त्यांच्या दारात जा. चहा विचारला तर नको म्हणा. विचारा, एकवीस जुलैला आठ वाजून वीस मिनिटांनी तू कुठं होतास? आणि तो सोमवारी कोर्टात येतो म्हणेपर्यंत त्या दारातून हलू नका.